दिला, उचल

लोकांना लांब मारायचं असतं, बाकी काही नको असतं. माझ्याकडे गोल्फ शिकायला येणारा हौशी खेळाडू दातांचा डॉक्टर असो की बँकेतून निवृत्त झालेला साहेब, पहिल्याच दिवशी पिशवीतून सगळ्यात लांब दांड्याची स्टिक काढतो आणि म्हणतो, "मॅडम, माझा हा फटका जरा उजवीकडे जातो. तेवढा सरळ करून द्या, म्हणजे स्कोअर आपोआप खाली येईल." जसं काही मी शिंपी आहे आणि साहेबांच्या बाहीला नुसती एक टीप मारून द्यायची आहे.

या खेळात फटके जितके कमी तितका खेळाडू चांगला. चेंडू वाटीएवढ्या होलमध्ये पडेपर्यंत जेवढे फटके लागले तेवढे मोजायचे, अठरा होलांची बेरीज करायची, संपलं. त्यात आकाशात उंच उडालेल्या फटक्यालाही एकच मोजतात आणि होलच्या तोंडाशी हलकेच ढकललेल्या चेंडूलाही एकच. हे मी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून सांगतेय. बाबांनो, तुमचे फटके वाया जातात ते होलच्या जवळ. झाडीत गेलात तर गुपचूप आडवा मारून बाहेर या, दोन बुंध्यांच्या फटीतून मर्दुमकी गाजवायला जाऊ नका. पाणी आलं तर वळसा घाला. आणि रोज अर्धा तास त्या छोट्या फटक्यांचा सराव करा. सगळे माना डोलावतात. मी शेजारच्या माणसाकडे गेले रे गेले की लांब स्टिक पुन्हा बाहेर येते.

माझा उजवा खांदा आता हात वर केला की कुरकुरतो. संध्याकाळी घरी गेले की शेकायची पिशवी लावून बसते, आणि कुणी गोल्फचा विषय काढलाच तर त्याच्या अंगावर जाते. अशा दिवसांत वहिनी माझ्याकडे शिकायला आली. खरं सांगते, मला आनंद वगैरे काही झाला नाही. घरचं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. साठीला टेकलेली, ठेंगणी, बोलायला कमी आणि कामाला वाघ. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. दादा आतल्या खोलीत डोळे तपासतो. वहिनी बाहेर फ्रेमा दाखवते, काचा बसवते, कानामागच्या दांड्या गरम करून वाकवते, आणि गिऱ्हाईक भडकलं की तेही तीच निस्तरते. दोघं रविवारी गोल्फ खेळतात, शेजारचा केमिस्ट आणि त्याची बायको यांच्याबरोबर. वहिनी काही मागतेय असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सरावाच्या मैदानावर, जाळीपाशी उभी राहून ती म्हणाली, "मला शंभरच्या आत यायचंय."

"येतेसच की. दर रविवारी दादाचा फोन असतो मला. आज तुझ्या वहिनीनं त्र्याण्णव केले, आज पंच्याण्णव केले."

"स्पर्धेत एकशे बारा झाले. त्याआधी एकशे नऊ." वहिनीनं हातमोजा काढला, पुन्हा घातला. "रविवारी जमतं आणि स्पर्धेत कुठे जातं, काही कळत नाही."

मग तिनं कशासाठी ते सांगितलं. क्लबमध्ये बायकांचा एक संघ आहे. गुरुवारी दुसऱ्या क्लबांशी सामने खेळायला जातो. मिनीबसमधून सकाळी निघतात, संध्याकाळी परत येतात. संघातली एक बाई लेकीकडे राहायला गेली आणि एक जागा रिकामी झाली. कॅप्टनबाईंची अट साधी होती. मोसम संपायच्या आत महिन्याच्या स्पर्धेत शंभरच्या आतल्या बेरजेचं एक कार्ड आणा, जागा तुमची. मोसमातली एकच स्पर्धा उरली होती. तीही महिन्याभरावर.

"एवढं काय आहे त्या बसमध्ये?" मी विचारलं.

"काय असणार? सहा बायका असतात," वहिनी म्हणाली. "पण मला जायचंय."

मी तिला लांबचे फटके मारायला लावले. फार लांब नव्हते, पण सरळ होते. वाळूच्या खड्ड्यात उतरवलं, तिथूनही ती फार आदळआपट न करता बाहेर आली. मी चेंडूंच्या क्रेटवर बसून बघत राहिले. माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांपेक्षा बरी खेळत होती. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. शेवटी तिला सरावाच्या हिरवळीवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, नेलं, होलपासून हातभर अंतरावर चेंडू ठेवला आणि म्हटलं, घाल.

वहिनीनं पटर हातात घेतला, म्हणजे हिरवळीवर चेंडू ढकलायची ती सपाट तोंडाची स्टिक. चेंडू होलच्या कडेला लागून डावीकडे गेला. दुसरा उजवीकडून गेला. तिसरा तर होलपर्यंत पोचलाच नाही. हात थरथरत नव्हते, पाय नीट होते. पण चेहरा असा होता की हे काम आपलं नव्हेच, कुणीतरी चुकून आपल्या गळ्यात मारलंय.

"वहिनी, रविवारी इथून काय करतेस?"

"इथून?" ती जरा थांबली. "इथून तुझे दादा म्हणतात, दिला, उचल."

आता हे 'दिला, उचल' काय, ते सांगायला हवं. मित्रामित्रांच्या खेळात एखाद्याचा चेंडू होलच्या अगदी तोंडाशी आला की दुसरा मोठ्या मनानं म्हणतो, दिला. म्हणजे हा तू घालशीलच, कशाला उगीच वेळ घालवायचा, एक फटका धर आणि चेंडू उचल. सगळीकडे चालतं हे. पण महिन्याच्या स्पर्धेत एकेक फटका मोजतात. तिथे देणं-घेणं नसतं. चेंडू होलमध्ये पडलाच पाहिजे, मग तो बोटभर अंतरावर का असेना.

"दर वेळी देतो?"

"दर वेळी."

"आणि याहून लांब असला तर?"

वहिनीनं चार पावलं मागे जाऊन पटरनं जागा दाखवली. "इथूनसुद्धा देतात. कधी कधी मी अजून हिरवळीवर चढतेय तोवर म्हणतात."

"केमिस्ट काही बोलत नाही?"

"तुझ्या दादांनी दिल्यावर नाही कोण म्हणणार? केमिस्टच्या बायकोलाही देतात."

मी कपाळाला हात लावला. एका होलला एक पकडला तरी कितीतरी फटके दादाच्या मेहेरबानीचे. वहिनीच्याही ते लक्षात आलं. ती होलच्या काठावर उकिडवी बसली आणि आत बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी एकही होल शेवटपर्यंत खेळलेच नाहीये," ती म्हणाली. मला तिची दया आली. मी तिला पाण्याची बाटली दिली.

दादाचं हे दुखणं जुनं आहे. लहानपणी आम्ही सापशिडी खेळायचो तेव्हा माझी सोंगटी सापाच्या तोंडात जायला आली की तो मला खिडकीबाहेर काहीतरी दाखवायचा आणि तेवढ्यात सोंगटी एक घर पुढे सरकवायचा. मी रोज जिंकायचे. एक दिवस मी पट उचलून भिंतीवर भिरकावला आणि मला हरायचंय, मला हरायचंय, म्हणून भोकाड पसरलं. दादा हसत बसला. आईनं मला धपाटा घातला आणि दादाला म्हणाली, किती रे समजूतदार तू. दादा वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

पुढचा महिना मी वहिनीला दुसरं काहीही शिकवलं नाही. दुकान बंद करून ती उन्हं कलता कलता यायची. मी होलभोवती चेंडूंचं कडं मांडायचे आणि खुर्ची टाकून बसायचे. ती एकेक चेंडू आत ढकलायची. एक जरी चुकला तरी कडं पुन्हा पहिल्यापासून. यापेक्षा कंटाळवाणं काम जगात नसेल. शिकणाऱ्यालाही आणि शिकवणाऱ्यालाही. मला जांभया यायच्या, खांदा ठणकायचा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेंडू नुसता होलजवळ पोचला की वहिनीचा डावा हात आपोआप खाली जायचा, उचलायला.

"हात!" मी खुर्चीतून ओरडायचे.

"गेला चुकून."

"चुकून नाही, सवयीनं जातो. पुन्हा मांड."

पहिल्या आठवड्यात ती माझ्यावर वैतागली. एरवी मला नावानं हाक मारते, पण रागावली की वन्सं म्हणते. "वन्सं, तुम्हाला दुसरं काही येतं की नाही शिकवायला?"

"येतं. पण तुला त्याचा उपयोग नाही."

तिनं चेंडू गोळा केले आणि पुन्हा कडं मांडलं. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी पूर्ण कडं आत गेलं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा डुलकी काढत होते. तिनं मला उठवलं नाही, पुन्हा मांडलं आणि पुन्हा घातलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं, जरा कुरकुरत.

याच सुमारास मी माझा चष्मा बदलायला दुकानात गेले. आतल्या खोलीत दादापुढे एक म्हातारा बसचालक बसला होता. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्यात दिवा.

"चौथी ओळ वाचा," दादा म्हणाला.

"न... म... आणि हे प आहे का?"

"नीट बघा. पोटात तिरकी रेघ दिसतेय ना? मग?"

"ष!"

"वा! डोळे अजून तरुण आहेत तुमचे."

बाहेर काउंटरवर वहिनीनं माझ्याकडे एक नजर टाकली. हा चष्मा पंधरवड्यात परत येणार, आणि म्हाताऱ्याची बोलणी तीच खाणार. वहिनीच्या कपाटात अशा परत आलेल्या काचांचा एक खण आहे. दादाला माणूस अडखळलेला बघवत नाही. दिसत नाही त्याला दिसतं म्हणतो आणि खूश करून पाठवतो.

म्हातारा गेल्यावर दादानं मला खुर्चीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. "तिला कशाला गं दमवतेस? या वयात रोज संध्याकाळी वाकून वाकून तिची कंबर धरलीय. रात्री कण्हते."

"तिला हवंय म्हणून येते ती."

"हवंय ना? मग मी कॅप्टनबाईंशी बोलतो. आपल्याच गिऱ्हाईक आहेत. एका शब्दाचं काम आहे."

"दादा, तू कुणाशीही एक अक्षर बोलणार नाहीस."

"का? तिला जागा मिळाल्याशी कारण."

"ती तिनं खेळून मिळवायचीय."

"अगं, तिला जमतातच ते होलजवळचे छोटे फटके. म्हणून तर मी देतो."

"जमतात हे तुला कसं माहीत? तू कधी बघितलंयस?"

दादानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. काचवाल्यानं चष्मा शर्टाला पुसावा, म्हणजे माणूस केवढा घाबरलाय ते बघा. "चुकला की तिचं तोंड एवढंसं होतं," तो म्हणाला. "मला नाही बघवत. तुला काय, तुझा धंदाच आहे तो." मग त्यानं दिवा लावला आणि मला चौथी ओळ वाचायला सांगितली. मला वाचता आली नाही. "काय ते नीट लिही," मी म्हटलं. "मला मदत करू नकोस."

निघताना मी मागच्या खोलीत डोकावले. वहिनी काच घासायच्या यंत्रापाशी उभी होती. दादा काय म्हणाला ते मी तिला सांगितलं. कॅप्टनबाईंचंही सांगितलं, कारण लपवून ठेवण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती. तिनं यंत्र बंद केलं.

"दुकान त्यांनी उभं केलं," ती म्हणाली. "घर त्यांनी घेतलं. मला गाडी शिकवायला माणूस ठेवला, आणि गाडी मात्र तेच चालवतात, मला त्रास नको म्हणून. ही गोल्फची पिशवीसुद्धा वाढदिवसाला आली, मी मागितली नव्हती. माझी तक्रार नाही. तक्रार करायला जागाच ठेवलेली नाही त्यांनी. पण मला एक तरी गोष्ट अशी हवीय, जी मला कुणी दिलेली नाही. मग ती बसमधली सीट का असेना." एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर ती अवघडली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

स्पर्धेच्या दिवशी ढगाळ होतं, हवा पडलेली होती. बायकांच्या जोड्या लावल्या तेव्हा शेवटी वहिनी एकटीच उरली. स्पर्धेत आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं, बरोबरच्यानं लिहायचं असतं. कॅप्टनबाई मला म्हणाल्या, "तुम्ही चालाल का यांच्याबरोबर? फक्त फटके मोजायचे. सल्ला मात्र एक शब्दही द्यायचा नाही." मी आदल्या दिवशी दिवसभर शिकवून मेटाकुटीला आले होते. तरी हो म्हटलं. दादाला वहिनीनं बजावून ठेवलं होतं की आज दुकान उघडं राहिलं पाहिजे, एक गिऱ्हाईक चष्मा न्यायला येणार आहे.

शिकवणाऱ्या माणसाला अठरा होल तोंड बंद ठेवून चालायला लावणं म्हणजे काय शिक्षा असते ते मला विचारा. तिसऱ्या होलवर चेंडू झाडीत गेला. समोर दोन बुंध्यांमध्ये फट होती आणि फटीपलीकडे होलचा झेंडा दिसत होता. मी दातांवर दात दाबून उभी राहिले. वहिनीनं फटीकडे पाहिलं, मग आडवा मारून मोकळ्यात आली. पाण्यापाशी तिनं वळसा घेतला. पुढे दोन होल अगदी वाईट गेले. एकावर वाळूतून निघता निघता नाकी नऊ आले, दुसऱ्यावर चेंडू हरवला. तिचा चेहरा उतरला आणि चाल मंदावली. पण हिरवळीवर आली की ती पटर घ्यायची, दोनदा होलकडे बघायची आणि चेंडू आत घालायची. आत पडताना तो टपकन वाजायचा. दर वेळी मला वाटे, आता हा हुकणार. तो हुकत नव्हता.

अर्ध्या वाटेनंतर आम्ही दोघीही दमलो होतो. मी तिची पिशवी ओढू लागले असते, पण माझ्या खांद्यानं ऐकलं नसतं. बेरीज तीही मनात करत असणार, कारण शेवटच्या होलवर पहिला फटका मारायच्या आधी ती नुसतीच उभी राहिली आणि दोनदा घाम पुसला. इथे पाच फटके लागले तर बेरीज नव्याण्णव. सहा लागले तर शंभर, आणि सगळं फुकट.

पहिला फटका सरळ गेला. दुसराही. तिसरा हिरवळीच्या अलीकडे पडला. चौथा तिनं इतका हलका मारला की तो पोचणारच नाही असं वाटलं. चेंडू घरंगळत घरंगळत गेला आणि होलपासून वितीवर थांबला. वीतभर! सरावात कड्यातले चेंडूसुद्धा याहून लांब असायचे. आता हा एवढा आत ढकलला की झालं. वहिनी हिरवळीवर आली. तिचे डोळे चमकत होते, आणि मी मनातल्या मनात तिला त्या मिनीबसमध्ये खिडकीशी बसवूनसुद्धा टाकलं.

"दिला!" क्लबाच्या पायरीवरून हाक आली. "दिला, दिला! उचल, उचल!"

दादा. दुकान बंद करून आला होता. थर्मास घेऊन, टाळ्या वाजवत, लहान मुलासारखा धावत उतरत होता. वहिनी पटर धरून चेंडूपाशी उभी होती. तिचं डोकं अजून होलकडेच होतं. पण डावा हात खाली गेला आणि त्यानं चेंडू उचलला.

वहिनीनं तळहातावरच्या चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला दादाचा भयंकर राग आला.

"काय झालं?" दादा हिरवळीच्या कडेला येऊन थबकला.

"चेंडू उचलला," मी म्हटलं. "एक फटका दंड. परत तिथेच ठेवून खेळायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे हा आता सहावा होणार. शंभर."

दादाचा चेहरा पांढरा पडला. तो आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "कार्ड तूच लिहितेयस ना? कॅप्टनबाई आत आहेत. कुणी पाहिलेलं नाही. माझी चूक आहे गं ही, तिची नाही. तिनं तर केलंच होतं."

आणि खरं सांगते, माझं पेन थबकलं. वीतभर अंतर होतं. महिनाभर तिनं कंबर मोडून घेतली होती, तिला तो नक्की जमला असता, आणि दमलेल्या माणसाला अशा वेळी न्यायापेक्षा दया सोपी वाटते. आम्ही दोघं एका आईची पोरं. मी वहिनीकडे बघितलं. तिनं नुसती नकाराची मान हलवली आणि चेंडू खाली ठेवला, जिथून उचलला होता तिथेच.

"अगं, आता कशाला?" दादा कळवळून म्हणाला. "आता घालून तरी काय होणारंय? चल, घरी जाऊ."

"संपवायचंय मला," वहिनी म्हणाली.

तिनं पटर घेतला. दोनदा होलकडे पाहिलं. चेंडू सरळ आत गेला आणि टपकन वाजला. वहिनीनं मान वर केली, आणि तिच्याबरोबर मीही. दादा आमच्याकडे पाठ करून उभा होता. थर्मास छातीशी धरून, डोळे मिटून.

"गेला का?" त्यानं तसंच विचारलं.

वहिनी किती तरी वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. तिनं होलमधून चेंडू काढला आणि माझ्याकडे वळली. "माझा खेळ संपला ना? कार्ड झालं?"

"झालं."

"मागून कुणी येतंय?"

"कुणी नाही. आपणच शेवटच्या."

ती चार पावलं मागे गेली आणि तिथे चेंडू ठेवला. ज्या अंतरावरूनसुद्धा दादा द्यायचा, तेवढ्या. "अहो," ती म्हणाली. "इकडे तोंड करा."

दादा वळला.

"थर्मास खाली ठेवा. डोळे उघडे ठेवा. आणि तोंड बंद."

दादानं थर्मास गवतावर ठेवला. आता हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. वहिनीनं चेंडू ढकलला. तो बरा निघाला होता, पण शेवटी वळला, होलच्या कडेला स्पर्श करून पुढे गेला आणि थांबला. दादाचे ओठ हलले. तो एक पाऊल पुढे आला. वहिनीनं पटर आडवा धरला, तसा जागीच थांबला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"थोडक्यात—"

"थोडक्यात नको. काय झालं?"

दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. ते एवढंसं वगैरे काही झालं नव्हतं. दमलेलं होतं, घामेजलेलं होतं, आणि वाट बघत होतं.

"चुकला," दादा म्हणाला.

त्याच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. वहिनीनं मान डोलावली, माझ्या हातातून पेन आणि कार्ड घेतलं, शेवटच्या चौकटीत मी सहा लिहिलेत की नाहीत ते पाहिलं, आणि शंभरच्या खाली आपली सही केली.